आतली ठिगळं

२ फेब्रुवारी, रविवार

ही डायरी प्लायवुडवाल्यानं नव्या वर्षाला दिली. दारांची मापं लिहायला ठेवली होती. आज मापं नाहीत, तरी लिहितो.

काल सोनिकाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. माझी बायको इथंच, तिरोड्यातल्या एका खासगी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मंडप मोकळ्या मैदानात, आणि दुपारी चारला अवकाळी पाऊस. पोरं पळाली, पाहुणे पळाले, आणि संगीताचे हिमांशू सर गिटार गळ्यात घालून माइकची वायर सोडवत मधोमध उभे राहिले. गिटार भिजली. सरांची खोली लांब, आमचं घर शाळेच्या मागेच, म्हणून सोनिका त्यांना गिटारसकट घेऊन आली. दोघंही ओलेचिंब. तिनं त्यांना माझा टॉवेल दिला. घरात चार टॉवेल आहेत.

गिटारच्या पोटातून पाणी ठिबकत होतं. माझी आई म्हणाली, "रिंकूचा मोबाइल नाही का नालीत पडला होता, तांदळात ठेवला त सुधरला. इले बी ठेवा." सोनिका हसली. सर म्हणाले, "वा आजी, क्या आयडिया है!" आणि पाच मिनिटांत ती गिटार आमच्या पत्र्याच्या कोठीत, उन्हात कडक वाळवलेल्या नव्या तांदळात गळ्यापर्यंत पुरली गेली.

मी बावीस वर्षं लाकडात आहे. दारं, देव्हारे, पॉलिश, भजनी मंडळांच्या पेट्यांची दुरुस्ती. भिजलेलं लाकूड सावलीत, कापडात गुंडाळून, हळूहळू सुकवायचं असतं. कोरडा तांदूळ त्याचं पाणी असं ओढतो की पातळ फळी तडकणारच. हे मला माहीत होतं. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण सोनिका सरांकडे बघून इतकी मोकळी हसत होती, की मी उघडलेलं तोंड जांभई देऊन मिटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

सर गिटार बघायला आले. कोठीचं झाकण काढून दोघं वाकून बघत होते. तांदळातून नुसता दांडा वर आलेला. सोनिका म्हणाली, "उगवली वाटते." यावर इतकं हसण्यासारखं काय होतं? आई म्हणाली, "आमच्या भाताले लाकडाचा वास येऊन राहिला बापा." त्यावरही हसले. सर जेवून गेले. तीन वेळा वरण घेतलं.

माणूस तसा वाईट दिसत नाही. तिशीचा असेल. बालाघाटकडचा, निम्मं हिंदी बोलतो. मला "भैया" म्हणतो आणि तिला "मॅडम". मॅडम म्हणताना मात्र त्याचा आवाज सुरात लागतो.

आमची मुलगी रिंकू नर्सिंगला नागपूरला गेली तेव्हापासून सोनिका संध्याकाळी गप्प बसायची. हे सर शाळेत आल्यापासून, दोन महिने झाले, बसत नाही. गुणगुणत असते. घरात बायको खूश आहे म्हणून ज्याला झोंबतं असा नवरा मीच एक असेन. पण झोंबतं ते झोंबतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

गिटार बाहेर काढली. तडकली.

वरच्या फळीवर, तारा जिथं बांधतात त्या पट्टीपासून खालच्या काठापर्यंत सरळ चीर. एक वीतभर. नख आत जाईल एवढी. सोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. सर पांढरेफटक. गिटार त्यांच्या मामाची, मामा आता नाहीत. फळी एकसंध लाकडाची आहे, प्लाय नाही. आजकाल अशी मिळत नाही हे मलाही पाहताच कळलं. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. तिला वाटतंय तिच्यामुळे झालं. मी तिलाही काही बोललो नाही.

सर म्हणाले, "नागपूरला एक जण आहे, गिटारचंच काम करतो. बघतो."

सोनिका एकदम म्हणाली, "कायले नागपूर? आमच्या घरी कारागीर आहे ना. यायनं जोडलेली वस्तू उघडत नाही, सर. विचारा कोणालेही."

माझी छाती फुगली हे खरं. आणि लगेच मनात आलं की हिला माझ्या कामाची आठवण झाली ती त्याच्या गिटारपायी. माझ्या एकाही देव्हाऱ्यासाठी हिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला आठवत नाही.

१८ फेब्रुवारी

चीर लगेच जोडायची नसते. लाकूड आकसलंय, त्याला आधी त्याचं पाणी परत द्यायचं. साबणाच्या डबीला भोकं पाडली, त्यात ओला स्पंज ठेवला, डबी गिटारच्या पोटात सोडली आणि सगळी गिटार मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुकानात टांगली. तारा काढून सरांना दिल्या.

त्याआधी उलटी करून हलवली. ओंजळभर तांदूळ निघाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

चीर मिटत आली. आता केसाएवढी उरली आहे. लाकडाचा मला हाच गुण आवडतो, त्याला वेळ दिला तर ऐकतं.

आज आतली ठिगळं तयार केली. चीर वरून नुसती सरसानं चिकटवून चालत नाही. तारांचा ओढा मोठा असतो. म्हणून आतून, चिरेच्या आडवी, रुपयाच्या नाण्याएवढी पातळ लाकडी ठिगळं एकापुढे एक चिकटवायची. खरं काम तेच. ते कोणाला दिसत नाही. वरचं रंगकाम नुसतं लोकांच्या डोळ्यांसाठी. जुन्या पेटीच्या फळीतून आठ ठिगळं कापली, कडा घासून पातळ केल्या. गिटारच्या गोल भोकातून हात घालायचा आणि आत छोटा आरसा ठेवून बघत बघत लावायची. काम किचकट आहे, पण मला येतं.

सोनिका चहा घेऊन दुकानात आली. ठिगळं तळहातावर घेऊन म्हणाली, "एवढुशी?" मी म्हटलं, "एवढुशीच पुरतात." ती बराच वेळ बसली. गिटारच्या दांड्यावरून बोटं फिरवत होती. वस्तू माझ्या दुकानात, हात माझ्या बायकोचा, आणि मन कुठं ते देवाला माहीत.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आई उपाशी, मी उपाशी, आणि सोनिका फोनवर. मागच्या अंगणात होती. मी मोरीत हातपाय धूत होतो, तिला दिसलो नाही. शब्दन् शब्द ऐकला.

"नाही सर, यायले बिलकुल सांगू नका. कळलं त सगळी मजा जाईन... हाव... मी येते ना शाळा सुटल्यावर... बोटं लय दुखते पण..." आणि हसली.

यायले म्हणजे मला. मला कळलं तर मजा जाईल. तिचे शब्द आहेत, माझे नाहीत.

तळपायाची आग मस्तकात गेली. विचारावं असं शंभरदा वाटलं. तोंडावर विचारलं आणि ती हो म्हणाली तर? नाही म्हणाली तरी मला ते खरं वाटणार नाही. मग विचारून काय उपयोग? आणि बोटं का दुखतात, हे काही मला कळलं नाही. काहीतरी लपवायचं असलं की बायका बोलताना अर्धं दुसरंच बोलतात.

२७ फेब्रुवारी

तिनं डाव्या हाताची नखं कापली. फक्त डाव्या. उजव्या हाताची तशीच, लांब. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "तुटली." चार बोटांची नखं एकाच दिवशी, एकाच मापात तुटली! मला काय दूधपितं पोर समजते?

१ मार्च

आज गिटार जोडली. आणि जे केलं ते लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

सरस गरम करून चिरेत भरला, बोटानं दाबून दाबून आत उतरवला, वरून शिकंजा लावला. इथवर सगळं नेहमीसारखं. मग आठ ठिगळं समोर ओळीनं मांडली. आरसा आत ठेवला. पहिलं ठिगळ सरसात बुडवलं.

तेवढ्यात सर दुकानात आले. म्हणाले, "भैया, सहा एप्रिलला गोंदियाला शिक्षकांची गाण्याची स्पर्धा आहे. जिल्ह्यातले सगळे येणार. तोवर होईल ना? मॅडम बोली थी, होईल." मी म्हटलं, होईल. ते जाताना दारात वळून म्हणाले, "तोपर्यंत तारा ढिल्या ठेवून रियाज करू. नवीन तारा त्या दिवशीच टाकीन." करू, म्हणाले. दोघं मिळून.

ते गेल्यावर ठिगळावरचा सरस सुकला होता. मी ते पुसलं. आठही ठिगळं उचलून खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

ढिल्या तारांना वरची जोड पुरते. नव्या तारा कसून ओढल्या, वर एप्रिलची हवा आणि स्टेजच्या दिव्यांची धग, की जोड उघडेल. लोकांसमोर उघडेल. मोठा आला गिटार मिरवणारा. मी काही फोडलेलं नाही. मी फक्त पूर्ण केलं नाही. यात पाप काय आहे?

आहे. लिहितानाच कळतंय. पण ठिगळं डब्यातच आहेत.

६ मार्च

रंगकाम. दरेकश्याकडचा एक माणूस मला जंगलातली पळसाची लाख आणून देतो. ती स्पिरिटमध्ये भिजवून मधाच्या रंगाचं पातळ पॉलिश केलं, त्यात चिमूटभर पिवळी माती, अगदी कणभर गेरू. उरलेल्या रेघेत लाख भरून घासली. तरी तिरप्या उजेडात रेघ दिसत होती. एक रेघ कितीही पुसली तरी डोळा तिला शोधतोच. म्हणून मी ती पुसायचा नाद सोडला. एका केसाच्या कुंचल्यानं तिच्या दोन्ही बाजूंना, लाकडाच्या शिरांसारख्या, आणखी सहा रेघा काढल्या. आता सात रेघा आहेत आणि त्यातली चीर कोणती ते मलाही पटकन सांगता येणार नाही.

इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. बसून बघत राहिलो. चांगल्या मनानं करायला घेतलेल्या कामात कुठं ना कुठं चूक राहते. यात एकही राहिली नाही.

९ मार्च, रविवार

गिटार दिली. सरांनी उन्हात नेऊन फिरवून फिरवून बघितली. "कहाँ है? भैया, चीर आहे कुठं?" मग वाकून माझ्या पायांना हात लावायला लागले. मी मागे सरकलो.

सोनिका बघत होती. सरांकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "मी काय सांगितलं होतं?" तिच्या तोंडावर असं काही होतं की मला दुकानात जाऊन विनाकारण रंधा मारावा लागला. मग मनाला समजावलं की ही खुशी त्याची वस्तू त्याला मिळाली याची आहे.

१४ मार्च

धुळवड. सर रंग लावायला आले. आईला, मला, सोनिकाला, सगळ्यांना एकेक बोट, गालाला. तिच्या गालावर बोट किती वेळ होतं ते मी मोजलं. माझ्या गालाइतकंच होतं. तरी मोजलं.

दुपारी सोनिकानं विचारलं, "तुमाले कोणतं गाणं आवडते?"

"मले गाण्यातलं काही समजत नाही."

"लग्नात त बँडवाल्याले एकच गाणं तीनदा वाजवाले लावलं होतं तुमी."

"ते जुनं झालं. काऊन?"

"काही नाही," म्हणाली, आणि पोळी लाटताना बेलण्यावर डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत राहिली. हल्ली ही कशावरही बोटं दाबते. बेलणं, पेन, गाडीवर मागे बसली की माझा खांदा. लक्ष कुठंतरी भलतीकडेच असतं. एकदा तिनं गरम तवा डाव्या हाताच्या बोटांनी सरळ उचलला आणि तिला काही वाटलं नाही. बोटांची टोकं दगड झाली आहेत. शाळेत खडू धरून असं होत असेल का? पण खडू ती उजव्या हातानं धरते.

२३ मार्च, रविवार

सोनिका म्हणते, सहाला तुम्ही पण गोंदियाला चला. नवा शर्ट घालून. तिला पोचवायला गाडीवाला पाहिजे, दुसरं काय. मी म्हटलं, येतो. येणारच होतो. तमाशा घरबसल्या कसा दिसणार?

५ एप्रिल

ऊन चढलंय. अंगणातली खाट दुपारी हात लावू देत नाही. दुकानात वाळलेल्या सागाच्या फळ्या आपोआप टकटक वाजतात. प्रत्येक टकला मला ती जोड आठवते.

आज सकाळी मन एकदम फिरलं. ठिगळांचा डबा काढला. सरांकडे जावं, आतून एक काम राहिलंय म्हणावं, गिटार आणावी. दुपारी लावली तर उद्या सकाळपर्यंत सरस कसाबसा धरेल. डबा पिशवीत घालून निघालो. चौकात आलो तर सोनिका सरांच्या गाडीवर मागे बसून येत होती, दोघांच्या मध्ये गिटार. तिनं मला पाहून हात हलवला. लपली नाही, दचकली नाही, चक्क हात हलवला!

मी परत फिरलो. मध्ये गिटार होती, हे लिहून ठेवतो. पण तेव्हा मला ती दिसूनही दिसली नाही.

७ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. आज दुकान उघडलेलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

सभागृह भरलेलं. पंखे नुसते गरम हवा फिरवत होते. मला सोनिकानं तिसऱ्या रांगेत बसवलं आणि आत गेली. मी मनात म्हटलं, आता दोघं येतील, तो वाजवेल, ती गाईल. बारा वाजता आमच्या शाळेचं नाव पुकारलं. आणि हिमांशू सर रुमालानं मान पुसत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

मी म्हटलं, "तुमी इथं? वाजवणार कोण?"

"वही तो सरप्राइज है, भैया!"

सोनिका एकटी आली. गळ्यात गिटार. नव्या तारा चकाकत होत्या. तिनं माइक खाली केला आणि म्हणाली, "मी दोन महिन्यांपासून, आधी शाळेच्या जुन्या गिटारवर, शिकून राहिली आहे, चुकली त माफ करा. ही गिटार फुटली होती. माझे मिस्टर, भुवनेश्वर बिसेन, यायनं ती अशी जोडली की चीर कुठं होती ते मलेही सापडत नाही. तिथं बसले आहेत. हे गाणं त्यायच्यासाठी."

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. सातबाऱ्यावर सांगायची वेळ आली तरी रिंकूचे बाबा म्हणायची. काल चारशे लोकांसमोर घेतलं.

लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मी अर्धा उठलो. ओरडावं, वाजवू नको म्हणावं, धावत जाऊन तिच्या हातातून घ्यावी. सरांनी माझा हात धरून खाली बसवलं. "घाबरू नका भैया, मॅडमची तयारी पक्की आहे." आणि मी बसलो. तो हात काही लोखंडाचा नव्हता. ओरडलो असतो तर का म्हणून विचारलं असतं, आणि ते सांगावं लागलं असतं. म्हणून बसलो.

आमच्या लग्नातलं गाणं होतं. तिचा डावा हात दांड्यावर चालत होता. नखं, बोटं, बेलणं, सगळं तिथं बसल्या बसल्या कळत गेलं. पहिलं कडवं निघालं. दुसऱ्यात तिनं जोरात हात मारला आणि टक् असा आवाज आला. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आला नसेल. मग गिटार खरखरायला लागली, सूर खाली सरकला. सोनिका थांबली. तिनं फळीकडे बघितलं. मग गिटार हळूच खुर्चीवर ठेवली आणि उरलेलं गाणं नुसत्या गळ्यानं म्हटलं. लोकांनी खूप टाळ्या दिल्या, पण त्या दयेच्या होत्या, आणि ती लहान नाही, तिला कळतं.

बाहेर सर म्हणाले, "गलती मेरी है, नवीन तारा फार कसल्या मी." सोनिका म्हणाली, "नाही सर, लाकडाचं काय सांगता येते. यायनं त जीव टाकला होता तिच्यात." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दोघं मिळून माझी समजूत घालत होते.

परतताना गाडी माझ्या हातून सरळ चालत नव्हती. रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली थांबवली. खाली बाया फुलं वेचत होत्या. मी सोनिकाला सगळं सांगितलं. तांदळाचं, ठिगळांचं, फोनचं, सगळं. एकही वाक्य गाळलं नाही.

तिनं विचारलं, "म्हणजे तुमाले वाटलं, मी अन् सर?"

"हाव."

"मग विचारलं काऊन नाही?"

मी गाडीचा आरसा पुसायला लागलो.

"विचारलं असतं त मी भांडली असती. चार दिवस जेवली नसती. पण ते नवरा-बायकोतलं भांडण झालं असतं." मग बायांकडे बघत म्हणाली, "तुमी शक केला ते मी सोसली असती एखाद्या वेळेस. लोकं करते. पण तुमचं काम उघडत नाही असं मी आख्ख्या गावाले सांगत फिरली. ते बी तुमी खोटं केलं. आता मी कायच्या भरवशावर बोलू?"

पुढे घरापर्यंत तिनं माझ्या खांद्याला हात लावला नाही. मागचा दांडा धरून बसली.

आणि एवढं झाल्यावरही, गाडी चालवता चालवता माझ्या मनात आलं की दोन महिने तो तिच्या बोटांवर बोटं ठेवून शिकवत असेल. हेही लिहून ठेवतो. खोड काही एका दिवसात जात नाही.

१० एप्रिल

सोनिका बोलते. मीठ संपलं, गॅस संपला, एवढं बोलते. आज सकाळी म्हणाली, "सरायले तुमीच सांगा. मी नाही सांगणार."

गेलो. सरांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. ते लालबुंद झाले, पण लाजेनं. म्हणाले, "भैया, तुमच्या मनात हे होतं तर मला जेवू कशाला घालत होता? मी तुमच्या घरी आईच्या हातचं वरण खायला यायचो. माझी आई लहानपणीच गेली." मग म्हणाले की आता ते आमच्या घरी येणार नाहीत, मॅडमना शिकवणारही नाहीत, उद्या शाळेतही लोक बोलतील. गिटार मात्र माझ्या हातात दिली. "नागपूरला नेणार होतो. पण मॅडम म्हणाल्या, ज्यानं जोडली होती त्यानंच परत जोडायची. मॅडम शिकेपर्यंत गिटार त्यांच्याकडेच राहू द्या. मामाला आवडलं असतं."

म्हणजे माझ्यामुळे तिचा गुरू गेला. मला जे व्हायला पाहिजे होतं तेच झालं. आता तो घरी येत नाही. आणि मला काडीचा आनंद नाही.

१३ एप्रिल, रविवार

तीन दिवस ओला स्पंज ठेवून फळी पुन्हा मिटवली. आज ठिगळं लावायला बसलो तर सोनिका दुकानात आली. समोर स्टुलावर बसली, आरसा घेतला आणि भोकातून आत धरला. मी म्हणायचो "डावीकडे", ती आरसा डावीकडे करायची. आठ ठिगळं लावायला तीन तास लागले. तिचा हात एकदाही हलला नाही.

जुनं रंगकाम चीर उघडताना उडालं होतं. माझ्या खोट्या रेघा मधेच तुटल्या होत्या, आता त्या ओंगळ दिसत होत्या. घासून सगळ्या काढल्या. चीर एकटी उरली, काठापर्यंत सरळ. सवयीनं मी पॉलिशची बाटली उचलली आणि बोट गेरूच्या डबीत घातलं.

सोनिकानं बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "बिनरंगाची लावा. रंग नाही. दिसू द्या."

"लोकं विचारतील."

"विचारू द्या."

मी बिनरंगाचं पॉलिश मारलं. चीर आणखीच उठून दिसली.

२७ एप्रिल, रविवार

तारा लावल्या, पूर्ण कसल्या, आठवडाभर उन्हाच्या खोलीत ठेवून बघितली. धरली. सोनिका आता संध्याकाळी ओसरीवर बसून वाजवते. शिकवणारा नाही, म्हणून एकच गत पुन्हा पुन्हा चुकते. आई आतून म्हणते, "परत तिथंच अडकली का वो?" मला मदत करता येत नाही. मी फक्त जोडू शकतो.

आज ती म्हणाली की शाळेच्या निरोप समारंभात मेच्या पहिल्या आठवड्यात गाणार आहे. याच गिटारवर. हिमांशू सरांना तिनं स्वतः फोन करून बोलावलंय, माझ्यासमोर, स्पीकर लावून. मला म्हणाली, "तुमी बी चला. पहिल्या रांगेत बसा."

मी विचारलं, "कोणी चिरेचं विचारलं त काय सांगशील?"

"जे आहे ते."

"माझं नाव घेऊन?"

तिनं एक तार कसली, कान लावून ऐकली, पुन्हा थोडी ढिली केली. म्हणाली, "ते तवा माझ्या तोंडात काय येते त्यावर आहे."

मी जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. सर एका बाजूला असतील. शर्ट तिनं आज इस्त्री करून ठेवला.